वळणावरचा चौथा गज

हे मी लिहिणारच नव्हतो.

तीनदा टाइप केलं. तीनदा खोडलं.

एक तर कुणी खरं मानणार नाही. आणि दुसरं म्हणजे, जे झालं त्यात चूक माझी होती. भुताची गोष्ट सांगताना माणूस स्वतःला चांगलं दाखवतो. मला इथं ते जमणार नाही.

मी हे लाइकसाठी लिहून राहिलो असं ज्याला वाटतं, त्यानं इथंच थांबावं. राग नाही.

तर ऐका.

रात्र नव्हती. अमावस्या पण नव्हती. एप्रिल २०१६, शुक्रवार, दुपारचे अडीच. गाव लातूर. रेल्वेनं पाणी आलं होतं बघा, तोच महिना.

मी व्यंकटी. मूळचा चाकूरकडचा. आयटीआय वगैरे काही केलेलं नाही. वेल्डिंग मोबाइलवर बघून शिकलो, आणि बाकीचं हात भाजून. तेव्हा बावीस वर्षांचा होतो. लातुरात एक पत्र्याचं शेड घेतलं होतं, गेट, ग्रिल, जिन्याच्या रेलिंगा करायचो. काम चांगलं करायचो. तेवढा माज पण होता.

मलप्पा माझा दोस्त. आम्ही त्याला मल्लू म्हणतो. गोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या मागं घर. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी बांधलेलं. खाली स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, आणि मधी अरुंद जिना.

घरात चारच माणसं. मल्लू, त्याची बायको शिवकांता, त्याचे वडील गुरुपादप्पा, आणि अडीच वर्षांची सिंधु. वडिलांना अख्खी गल्ली आप्पा म्हणायची.

सिंधुमुळंच हे काम निघालं.

जिन्याचा कठडा जुना होता. वर सागवानी लाकूड, खाली चौकोनी लोखंडी गज. एका गजापासून दुसरा गज पाऊण वीत लांब. पोरीनं एक दिवस त्या फटीत डोकं घातलं आणि अडकली.

मंगळवारी मी माप घ्यायला गेलो, तर घरात भांडण पेटलेलंच होतं.

"चौतीस वर्षं झाली, ह्या जिन्यावरून कुणी पडलं न्हाई," आप्पा म्हणले.

"कुणी पडलं न्हाई म्हणून सिंधुनं पडावं का?" मल्लू म्हणला.

आतून शिवकांतावहिनींचा आवाज आला. "साबण लावून डोकं काढलं लेकराचं! आन् तो साबण धुवायला घरात पाणी न्हाई. टँकर आठ दिवसाला एकदा!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "व्यंकट, तू कारागीर हाईस. वरून बारीक जाळी मार. लेकराचं डोकं जाणार न्हाई. कठडा काढू नको."

खरं सांगतो, जाळी मारली असती तर काम झालं असतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

पण मला स्टीलची रेलिंग करायची होती. काचेची. फोटो काढून टाकण्यासारखी.

मी म्हणलो, "आप्पा, जाळी मारली तर जिना कोंबड्याच्या खुराड्यासारखा दिसंल."

मल्लू हसला. वहिनी पण हसल्या.

आप्पा नाही हसले. ते उठले, जिना चढून मधल्या वळणापाशी गेले. तिथं एक सपाट चौकोनी पायरी होती, जिथून जिना वळतो. तिथल्या चौथ्या गजावर त्यांनी हात ठेवला.

"बाकीचा काय करायचा ते करा," म्हणले. "ह्याला हात लावायचा न्हाई."

"का बरं?" मल्लूनं विचारलं.

"मी सांगून राहिलो म्हणून."

ते गेल्यावर मी माप घेतलं. बाकीच्या गजांना रंग होता, घट्ट, जुना ऑइलपेंट. चौथ्याला मात्र मध्यभागी रंगच नव्हता. गंज होता... आणि तो गंज पाच पट्ट्यांत होता.

चार एका बाजूनं. एक दुसऱ्या बाजूनं.

मी नखानं खरवडलं. बोट ओलं झालं.

लोखंडाचं काम करणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते. पाणी लागल्याशिवाय असा गंज चढत नाही. आणि त्या महिन्यात त्या घरात पाणी होतंच कुठं?

त्या सपाट पायरीवर, भिंतीला लागून, एक पितळी तांब्या ठेवलेला होता. वर फुलपात्र पालथं.

"हे काय?" मी वहिनींना विचारलं.

"आप्पांचं खूळ. रोज दिवे लागायला तांब्या भरून ठेवतेत. टँकर येवो न येवो. स्वतः तोंड धुणार न्हाईत, पण तांब्या भरणार. मुक्कामाला कुठं जात न्हाईत त्याच्यापायी. जलमात माहूरला गेले न्हाईत, का तर रात काढावी लागती."

"मग ते पाणी पितं कोण?"

"सकाळी रिकामा असतो. मांजर पीत असंल."

"फुलपात्र काढून पिती, आन् परत झाकती?"

वहिनी आत निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी मल्लूचा फोन आला. "लका, आप्पा उदगीरला लग्नाला गेले. संध्याकाळपस्तोर येतेत. त्याच्या आत सगळा कठडा काढून टाक. एकदा निघाला की बोंबलून बोंबलून गप बसतील."

"चौथा गज पण?"

"सगळा म्हणलं ना. आधी बापाचं ऐकू का लेकराचं बघू?"

मी सामान घेऊन गेलो. वरून सुरुवात केली. आधी सागवानी लाकूड उतरवलं, मग ग्राइंडरनं एकेक गज बुडातून कापायला लागलो. वरचा जिना दोन वाजेपर्यंत मोकळा झाला. मग वळणावर आलो. एक, दोन, तीन.

तेवढ्यात गल्लीत बोंब उठली. टँकर आला! मल्लू आणि वहिनी कॅन, घागरी, बादल्या, हाताला लागेल ते घेऊन पळाले.

जाताना मल्लू म्हणला, "एवढ्या आवाजातबी सिंधु वर निजली हाय. उठली तर बघशील. दार लोटून घेतलंय."

"हाव, जा तू."

हे लक्षात ठेवा. लेकरू माझ्यावर सोडलं होतं. वरचा जिना मीच उघडा केला होता.

मी चौथ्या गजाला ग्राइंडर लावला. अर्ध्याच्या वर कापला... आणि लाइट गेली.

ग्राइंडर बंद पडल्यावर लई शांत वाटतं. कान सुन्न होतात. पंख्याचा आवाज गेला, फ्रीजचा गेला. बाहेर टँकरवर बायांची भांडणं चालू होती, तेवढीच ऐकू यायची.

तहान लागली होती. माझी बाटली सकाळीच संपली होती. स्वयंपाकघरात माठ बघितला. कोरडा. बुडाशी माती.

मग नजर तांब्यावर गेली.

सकाळी रिकामा असतो, असं वहिनी म्हणल्या होत्या. आज भरलेला होता. आप्पा जाताना भरून गेले असणार.

मी प्यालो.

सगळा. एका दमात. तोंडाला लावून.

पाणी बर्फासारखं गार होतं. चव लोखंडाची. शेवटचा घोट गिळला, तांब्या खाली ठेवला, आणि माझ्या मागं... कुणीतरी आवंढा गिळला.

कोरडा. घशाला घसा घासल्यासारखा.

मागं वळलो. भिंत होती.

मी स्वतःलाच शिवी हासडली. एवढा मोठा गडी, भर दुपारी घाबरतो. लाइट नव्हती, म्हणून हॅक्सॉ काढला आणि गजाचा राहिलेला भाग हातानं कापायला बसलो.

खर्र. खर्र. खर्र.

गज सुटला. माझ्या हातात आला.

तेव्हा लक्षात आलं... बाहेरचा आवाज बंद झालाय.

टँकर नाही. बाया नाहीत. साधा कावळा नाही. दोनशे माणसं गल्लीत भांडत होती, आणि आता काहीच नाही. जशी कुणी घरावर वाकळ टाकली.

वर दाराची कडी वाजली.

"सिंधु?" मी हाक मारली.

दार उघडलं. सिंधु बाहेर आली. फ्रॉक, एका पायात पैंजण. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. उघड्या बाजूला. जिथं सकाळपर्यंत कठडा होता तिथं.

तिचा डावा हात वर होता.

लेकरू मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना हात कसा वर असतो? तसा.

पण शेजारी कुणी नव्हतं.

शेजारी जिनाच नव्हता. तिथून खाली सरळ फरशी होती.

"सिंधु, थांब बाळा. हलू नको. मी आलो."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती वर बघत होती, शेजारच्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तशी. आणि म्हणली... "नीरु कोडु."

मला अर्थ कळला नाही. आवाज तिचाच होता. पण बोलणं लेकराचं नव्हतं. दमलेलं होतं.

"नीरु कोडु."

तिनं एक पाऊल बाहेरच्या बाजूला टाकलं. हवेत.

मी कसा पोचलो माहीत नाही. एका हातात गज तसाच होता. दुसऱ्या हातानं तिची कंबर धरली, आत ओढली.

आली नाही.

खिळ्याला कापड अडकावं तशी अडकली होती. कंबर माझ्याकडं, डावा हात तिकडं, ताणलेला. मी अजून जोर लावला. ती किंचाळली. तिच्या मनगटाकडं बघितलं... कातडी पाच ठिकाणी आत दबलेली होती. पांढरी पडलेली.

मी ओढत होतो. पलीकडून पण ओढत होतं.

आणि पलीकडचं थकत नव्हतं.

"सोड!" मी ओरडलो. कुणाला, मलाच माहीत नाही. "लेकरू हाय ते! सोड तिला!"

उत्तर म्हणून तिचा हात अजून ताणला गेला. खांद्यात कट्कन वाजलं.

त्या वेळी मला आप्पांचा हात आठवला. गजावर ठेवलेला. का आठवला, सांगता येत नाही. मी पोरीला छातीशी धरून पायऱ्यांवर बसत बसत, घसरत खाली वळणाकडं सरकलो. पलीकडचं पण शेजारून आलं. सिंधुचा हात ताणलेलाच होता, म्हणून कळत होतं की आलं.

मी हातातला गज त्याच्या कापलेल्या बुडक्यावर उभा धरला. होता तिथं. सरळ.

सिंधुचा हात सुटला.

ती माझ्या खांद्यावर पडली, मोठ्यानं रडायला लागली. मला बरं वाटलं. खरं रडणं होतं ते, लेकराचं.

मग... माझ्या गज धरलेल्या हातावर एक हात आला.

दिसला नाही. पण हात ओळखू येतो. बारीक, हाडं लागणारा, बाईचा. ओला. गार. एक एक बोट माझ्या बोटांवर बसलं आणि आवळायला लागलं.

मी हात काढू शकत नव्हतो. आणि काढायचा पण नव्हता. गज नुसता बुडक्यावर उभा होता. मी सोडला तर पडणार. पडला तर ती परत लेकराकडं जाणार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते आवळण्यातूनच कळत होतं.

मी तसाच उभा राहिलो. कडेवर सिंधु, हातावर तो हात. भर दुपारी. खिडकीतून ऊन येत होतं, माझ्या एकट्याची सावली भिंतीवर पडली होती.

कानाजवळ कुणी श्वास घेत होतं. बाहेर सोडत नव्हतं. नुसतं घेत होतं.

किती वेळ गेला? मला तास वाटला. मल्लू म्हणतो, टँकर सात-आठ मिनिटंच थांबला होता.

दार ढकललं गेलं आणि गल्लीचा आवाज एकदम आत आला.

"व्यंकट, लका, काय करून राहिला? नाचतोय का काय पोरीला घेऊन?"

कसाबसा म्हणलो, "पाणी आण. तांब्यात ओत. पळ!"

"आरं पण..."

"ओत म्हणलं ना!"

त्यानं माझं तोंड बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. कॅन घेऊन वर आला, तांब्या भरला. अर्धं पाणी पायरीवर सांडलं.

आम्ही दोघं बघत होतो. तांब्यातलं पाणी हललं... आणि दोन बोटं खाली गेलं.

कुणी हात लावला नव्हता.

माझ्या हातावरचा हात सैल झाला. निघाला नाही. सैल झाला, एवढंच. मी आस्तेआस्ते माझी बोटं त्याच्या खालून काढून घेतली. मल्लूला गज वरून धरायला लावला, सामानातल्या लोखंडी तारेनं शेजारच्या न कापलेल्या गजाला बांधला. गज उभा राहिला.

शिवकांतावहिनींनी सिंधुचं मनगट बघितलं. पाच निळे वळ. त्यांनी लेकरू घेतलं आणि पायात चप्पल न घालता गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या परत त्या घरात आल्या नाहीत. सामान पण मल्लूनंच आणलं.

आप्पा साडेसहाला आले. लग्नाचा आहेर हातात होता. कापलेले गज बघितले, मग तारेनं बांधलेला चौथा गज बघितला.

पहिला प्रश्न विचारला तो हा, "तांब्यातलं पाणी कोण पिलं?"

"मी," म्हणलो.

त्यांनी हात उगारला. मारला नाही. तसाच खाली आला, आणि ते पायरीवर बसले.

मग त्यांनी सांगितलं. एकदाच सांगितलं, नंतर कधी विषय काढला नाही.

"जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. जिल्हा झाला म्हणून लोकायनं पेढे वाटले, आन् पाऊस काय झाला न्हाई. आडाला गाळ लागला. तोच गाळून पिलो. घरोघर हगवण. माझ्या थोरल्या भावाची बायको, गंगम्मा. बसवकल्याणकडची, कानडी बोलणारी. चोवीस वर्षांची असंल. मराठी धड येत नव्हतं तिला. दोन दिवस उलट्या, जुलाब. पाणी मागायची. माय म्हणायची, पाणी देऊ नका, जुलाब वाढंल. तव्हा सगळेच तसं म्हणायचे. तिसऱ्या दिशी गार पडली. नाडी लागंना. म्हणले, गेली."

इथं एक सांगतो. मल्लूच्या समाजात माणूस गेल्यावर त्याला निजवत नाहीत. बसवतात. कपाळाला विभूती लावून, बसवूनच नेतात आणि बसवूनच माती देतात. रात्रभर समोर भजन चालतं.

"वरच्या खोलीतून खुर्चीत बसवून खाली आणू लागले," आप्पा म्हणले. "वळणावर खुर्ची अडकली. कठडा काढल्याबिगर फिरंना. दिवस बुडाला व्हता. उदगीरचे पाहुणे सकाळी येणार. म्हणले, राहू द्या, हितंच बसवा. मान पडू नये म्हणून धोतराच्या पट्टीनं ह्या गजाला बांधली. भजन खाली. वर मला बसवलं, दिवा विझू नये म्हणून. मी एकोणीस वर्षांचा."

मल्लू भिंतीला टेकून उभा होता.

"मध्यरातीच्या पुढं ती म्हणली... नीरु कोडु."

मल्लूनं माझ्याकडं बघितलं. त्याला मी दुपारीच सांगितलं होतं सिंधु काय बोलली ते.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"पाणी दे."

आप्पा पुढं सांगायला लागले.

"थोरल्यायनं सांगितलं व्हतं, मयताच्या पोटातला वारा निघतो, बोलल्यावानी वाटतं. ओ देऊ नको. मी ओ दिली न्हाई. तीनदा म्हणली. मी दिव्याकडं बघत बसलो. तांब्या माझ्या मांडीपाशी व्हता, व्यंकट. भरलेला."

"सकाळी?" मल्लूनं विचारलं.

"सकाळी तिचा हात शालीच्या भाईर व्हता. गज धरलेला. दोघा गड्यायनं बोटं सोडवली."

"म्हणजे ती जिती होती, आप्पा."

आप्पांनी आहेर बाजूला सारला.

"आप्पा, ती जिती होती. आन् तुमी तिला नेऊन..."

"नेलं," आप्पा म्हणले. "माती दिली. मी पण मूठभर टाकली."

मल्लू जिना उतरून निघून गेला. त्यानंतर बापलेक एका ताटाला कधी बसले नाहीत.

मी एकटाच राहिलो. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणले, "ती काय सोडणार न्हाई. कायतरी धरणारच. गज हाय तोवर गज. न्हाई तर माणूस. म्हणून म्हणलं व्हतं, जाळी मार."

लाइट आल्यावर मी तो गज त्याच बुडक्यावर वेल्डिंग करून बसवला. बाकीचे पण बसवले. अजून दिसतात जोड. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वेल्डिंग आहे ते.

मल्लूनं नांदेडला दुकान टाकलं, बायको-लेकराला घेऊन गेला. आप्पा एकटे राहिले, रोज तांब्या भरत. तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांना वरच्या खोलीतून खाली आणायची वेळ आली नाही. ते खालीच झोपायचे.

तेव्हापासून किल्ली माझ्याकडं आहे. रोज संध्याकाळी शेड बंद करून जातो, तांब्या भरतो, दार लावून घेतो. बायको विचारते, कुठं जाता? मी म्हणतो, मल्लूच्या घरी दिवा लावायला. उजव्या हाताचं मधलं बोट त्या दिवसापासून वाकत नाही. हे सगळं टाइप करायला म्हणून तर इतका वेळ लागला.

इतके दिवस तांब्या सकाळी रिकामा व्हायचा. यंदा पाऊस कमी झाला. यंदा... मी भरून खाली उतरेपर्यंत रिकामा होतो.

आता दोन तांबे ठेवतो. एक सकाळी, एक संध्याकाळी.

गेल्या रविवारी तिथंच होतो, वळणावर, आणि मल्लूचा फोन आला.

"व्यंकट, घराला गिऱ्हाईक आलंय. चांगली माणसं हाईत. दोन लेकरं हाईत त्यायला. म्हणतेत, घर घेतो, पण जिन्याला नवी रेलिंग पाहिजे."

"न्हाई, मल्लू."

"मलाबी म्हाईत हाय. पण किती दिवस बंद ठिवू? तू काय जलमभर तांब्या भरणार हाईस का?"

"भरतो ना."

मग तो म्हणला, "सिंधु काल झोपेत हात वर करून होती."

सिंधु आता पाचवीला आहे. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही. कुणी सांगितलेलं नाही.

"पाणी मागत होती," मल्लू म्हणला. "पण मराठीत न्हाई."

मी तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं.

"तुला राग येऊ दे," तो म्हणला, "पण तू मेल्यावर काय? एखादा तुझ्यासारखाच येईल ग्राइंडर घेऊन. त्याला तहान लागंल. त्याला कोण सांगणार?"

बोलता बोलता माझा उजवा हात गजावर गेला होता. कधी गेला कळलं नाही. काढायला गेलो...

निघाला नाही.

बोटांवर ओलं लागत होतं.

"ऐकून राहिलास ना?" मल्लू म्हणला.

"हाव," म्हणलो. "घर विकू नको. मी हाय तोवर तांब्या रिकामा राहणार न्हाई. आन् सगळं लिहून ठेवतो. कोणचा गज, तांब्या कुठं ठेवायचा, मी काय चुकलो. समदं. म्हणजे माझ्या मागं जो येईल त्याला वाचायला मिळंल."

"शब्द दे."

"दिला, मल्लू," म्हणलो. बोटांवरची पकड सैल झाली, हात निघाला. "दिला शब्द."